आजोबांचं लसीकरण कार्ड

आमच्या घरात एक लसीकरण कार्ड आहे. वर छत्री धरलेला हत्ती, आत वजन-उंचीचा आलेख, 'जन्मवेळचे वजन' ही जागा कोरी. नाव आमच्या ह्यांचं, जन्मसाल १९६२. बालरोगतज्ज्ञांकडं मोठ्या माणसांसाठी वेगळं कार्ड नसतं, म्हणून हेच मिळालं.

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या दोघी-तिघींनी अलीकडं मला फोन करून विचारलं, ही गोवराची लस कुठं मिळते, किती दिवस आधी घ्यायची, आपल्या वयाला चालते का? प्रत्येकीला अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवत होते, नोव्हेंबर २०२४ ला निवृत्त झाले. तुमच्या तब्येतीपुरतं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मार्च २०२५ मध्ये लेकीनं गोड बातमी दिली. ती कॅनडात ओंटारियो प्रांतात किचनर गावी असते. तारीख सप्टेंबरअखेरची. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांची यादी सुरू झाली. ह्यांच्या डोक्यात व्हिसा. २ एप्रिलला ऑनलाइन अर्ज भरला. माणशी १०० डॉलर, शिवाय बोटांचे ठसे आणि फोटोचे दोघांचे मिळून १७० डॉलर. सगळे कॅनडाचे डॉलर. ठसे द्यायला २२ एप्रिलला कोल्हापूरहून पुण्याला जाऊन आलो. पहाटे चारला निघालो, तिथं काम वीस मिनिटांचं, रात्री दहाला घरी. अर्जात बँकेचं पासबुक, घराचा उतारा, पेन्शनचे कागद, जावयाचं निमंत्रणपत्र असं सगळं मागितलं होतं. लसीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यामुळं तो विषय आमच्या यादीत आलाच नाही.

तो आला मेच्या पहिल्या आठवड्यात, लेकीच्या एका मेसेजमधून. 'आई, इथं गोवराची साथ आहे. बाळाजवळ राहणाऱ्या सगळ्यांनी लस झालीय का बघा असं डॉक्टर म्हणाल्या. तुमचं दोघांचं काय?'

गोवर? कॅनडात? मला हसूच आलं. गोवर म्हणजे आपल्या लहानपणीची गोष्ट, कडुलिंबाचा पाला आणि अंधारी खोली. फार तर २०२२ साली मुंबईत गोवंडीकडं साथ आली होती ती बातम्यांत वाचलेली. पण ओंटारियोत ऑक्टोबर २०२४ पासून साथ चालू होती आणि तिचा जोर प्रांताच्या नैर्ऋत्य भागात होता. लेकीच्या घरापासून गाडीनं तास-दीड तासावर.

लेकीचं स्वतःचं ठीक होतं. तिचा जन्म १९९४ चा. तिचं पिवळं पडलेलं कार्ड मी पेटीत साड्यांखाली जपून ठेवलं होतं. त्यात नवव्या महिन्यात 'गोवर' आणि पंधराव्या महिन्यात 'एमएमआर', म्हणजे गोवर, गालफुगी आणि रुबेला या तिन्हींची एकत्र लस. शिकायला जाताना तिकडं कळलं की पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस ते धरत नाहीत. म्हणजे आपण सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहून दिलेला नवव्या महिन्याचा डोस त्यांच्या हिशेबात शून्य. तो वाया गेला असं मुळीच नाही. आपल्याकडं गोवर लवकर गाठतो म्हणून तो लवकर देतात. पण त्यांच्या कागदावर एकच डोस भरला, म्हणून तिनं २०१८ मध्येच जायच्या आधी आणखी एक घेतला होता. ते आता कामाला आलं, कारण ही जिवंत विषाणूंची लस. गरोदरपणात ती देता येत नाही. ज्यांच्या मुली-सुना अजून 'विचार करतोय' या टप्प्यावर आहेत, त्यांनी हे आत्ताच बघून घ्या. डोसानंतर निदान चार आठवडे थांबावं लागतं. जावयांचं कार्ड सांगलीच्या घरात कुणालाच सापडलं नाही. त्यांनी सरळ तिकडंच लस घेतली, फुकट.

राहिलो आम्ही दोघं. सरकारी कार्यक्रमात गोवराची लस आली १९८५ ला. मी १९६६ ची, हे १९६२ चे. म्हणजे आम्हाला लस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. येऊन गेला असेल तर आयुष्यभराचं संरक्षण, नसेल तर काहीच नाही. मग विचारायचं कुणाला?

ह्यांनी सासूबाईंना विचारलं. वय ८६. त्या ठामपणे म्हणाल्या, "ह्याला सगळं आलंय. गोवर, कांजिण्या, गालफुगी, डांग्या खोकला." हे खूश. विषय संपला.

माझ्याकडून विचारायला गारगोटीजवळची आत्या तेवढी उरलीय. तिला फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आल्ता की. दोघींस्नी एकदमच आल्ता. तू रांगत हुतीस, थोरली तीन वर्सांची. तुझं उतरलं. थोरलीचं छातीत गेलं."

मला एक थोरली बहीण होती आणि ती लहानपणी गेली एवढं माहीत होतं. कशानं, ते आईनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आत्या पुढं म्हणाली, "त्या साली आपल्या गल्लीतली तीन पोरं गेली." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी यादी पुढं सरकली नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं की 'येऊन गेलाय' हे तोंडी सांगणं पुरावा म्हणून धरत नाहीत. अंगावर लाल पुरळ उठणारे दहा आजार आहेत, घरात सगळ्यांना गोवरच म्हणायचे. रक्त तपासा. त्यांनी चिठ्ठीवर 'गोवर अँटिबॉडी' एवढंच लिहिलं. १२ मेला रक्त दिलं, दोघांचे १,९०० रुपये. चार दिवसांनी रिपोर्ट आला, दोघांचाही निगेटिव्ह. मी फोटो काढून लेकीला पाठवला. तिचा दोन मिनिटांत फोन. "आई, यांनी आयजीएम केलंय. तो आत्ता गोवर झालाय का ते बघायला असतो. आपल्याला आयजीजी पाहिजे, अंगात आधीचं संरक्षण आहे का ते दाखवणारी."

लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीनं थंडपणे सांगितलं, चिठ्ठीत लिहिलं नव्हतं, आम्ही नेहमीची केली. पैसे परत नाहीत. तिचंही बरोबरच, चिठ्ठीत खरंच नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा कागदावर 'आयजीजी' असं ठळक लिहून घ्या आणि रक्त काढायच्या आधी पावतीवर तेच छापलंय का ते वाचा. दुसऱ्या फेरीचे २,४०० रुपये गेले आणि नमुना मुंबईला जातो म्हणून पाच दिवस.

२७ मेला रिपोर्ट मोबाइलवर आला. ह्यांनी माझा उघडला आणि ओरडले, "अगं, तुझा पॉझिटिव्ह आलाय!" करोनानंतर आपल्याला पॉझिटिव्ह शब्दाचा धसकाच बसलाय. इथं मात्र पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. शरीराला या आजाराची ओळख आहे. आत्याचं खरं होतं. तो तापाचा महिना अठ्ठावन्न वर्षं माझ्या रक्तात होता आणि मला आठवतही नव्हता.

ह्यांचा निगेटिव्ह. आता तेव्हा काय उठलं होतं देव जाणे. सासूबाई अजूनही म्हणतात लॅब खोटी. ह्यांनीही तेच धरून ठेवलं. "आधी चुकलीच होती की, परत चुकली असेल. आणि या वयात मी गोवराची लस घेऊ? गल्लीत कळलं तर हसतील."

मला खरंतर याचाच राग आला. २७ नोव्हेंबर २०१८ ला राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना शाळेतच लस द्यायची होती. व्हॉट्सॲपवर नाही नाही त्या अफवा. मी महिनाभर पालकांच्या घरी जाऊन, हात जोडून, कधी आवाज चढवून समजावलं होतं. हे तेव्हा स्कूटरवरून मला सोडायला यायचे आणि बाहेर उभं राहून सगळं ऐकायचे. तोच माणूस घरात हे बोलत होता.

५ जूनला ओंटारियोत एका बाळाची बातमी आली. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, पोटात असतानाच आईकडून गोवर झालेला. आईची लस झालेली नव्हती. बाळाला दुसरेही गंभीर त्रास होते, गोवरानं त्यात भर घातली असावी, असं तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं. ते बाळ गेलं. आपल्याकडं मध्यरात्र होती. लेकीनं फोन केला, पण बोलली फारसं नाही. हे उठून बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कुठं मिळते ती लस?"

हा प्रश्न सोपा नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सरकारी केंद्रात ही लस लहान मुलांसाठी. मोठ्यांच्या डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये ती नसतेच. तीन मेडिकल फिरलो. एकानं मागवून देतो म्हणून सांगितलं, पण ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, उजेडही चालत नाही, आणि पिशवीतून घरी नेऊन कुणी टोचत नाही. शेवटी शेजारणीच्या सुनेनं सुचवलं, काकू, आमच्या बाळाच्या डॉक्टरांना विचारा. राजारामपुरीतला दवाखाना. ९ जून, सोमवार. बाकावर सगळ्या तरण्या आया, मांडीवर बाळं, भिंतीवर मोटू-पतलू. नंबर आला तसं दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठाय?" हे उभे राहिले. "मीच." अख्खा बाक हसला. ह्यांनी पण हसून घेतलं, ते बरं झालं.

डॉक्टर मात्र गंभीरपणे बोलले. स्टिरॉइड चालू आहे का, केमोथेरपी झालीय का, अलीकडं रक्त चढवलंय का, निओमायसिन या अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे का, महिन्याभरात दुसरी कुठली जिवंत लस घेतलीय का. मधुमेह आहे म्हटल्यावर तो आड येत नाही म्हणाले. मग मी तिथल्या साथीबद्दल बोलायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "बाई, तिथं जाऊन तुम्हाला होईल ही एक भीती. पण गोवर आपल्याकडंही गेलेला नाही. तो तुम्ही इथून घेऊन जाल, ही दुसरी." लागण झाल्यावर दहा-बारा दिवस माणूस धडधाकट दिसतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो दुसऱ्याला देतो. खोकलेला माणूस खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांतल्या नऊ जणांना पकडतो. विमानतळाची रांग डोळ्यांसमोर आणा. मी इतके दिवस 'त्यांच्याकडची साथ' म्हणत होते, ते त्या दिवसापासून बंद केलं.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. रक्त न तपासता थेट लस घेतली असती तरी चाललं असतं. आधी गोवर येऊन गेलेल्याला ती बाधत नाही. आमचे तपासणीचे ४,३०० रुपये गेले होते. लस डॉक्टरांच्या फीसकट ८५० ला एक. तुम्हीच हिशेब करा. मला मात्र माझा रिपोर्ट मिळाल्याचं वाईट वाटत नाही, ते वेगळ्या कारणानं.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी डांग्या खोकल्याची मोठ्यांची लसही घेतली. ती जिवंत नाही, त्यामुळं एमएमआरबरोबर चालते. तान्ह्या बाळाजवळ राहणाऱ्यांनी घ्यावी असं लेकीच्या डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. ती महाग, माणशी पंधराशेच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. फेऱ्या मारताना मागितलं, सात जन्मांचं नंतर बघू, आधी ह्या माणसाला ताप येऊ देऊ नकोस. आठव्या दिवशी ताप आलाच. शंभरच्या थोडा वर, छातीवर चार-पाच ठिपके. हे हाडाचे भित्रे, अंथरुणात पडून मला बाळाचा फोटो दाखवा म्हणाले, बाळ जन्मायचं होतं. डॉक्टरांना फोन केला. आठवडा-दीड आठवड्यानं असं काही जणांना होतं, दुसऱ्याला पसरत नाही, पॅरासिटॅमॉल द्या. दोन दिवसांत गाडी रुळावर.

दुसरा डोस २८ दिवसांनी. त्याच्या आधी घेतला तर धरत नाहीत. ह्यांनी लेकीशी वाद घातला. एका डोसानं ९३ टक्के संरक्षण, दोन डोसांनी ९७, मग चार टक्क्यांसाठी परत त्या बाकावर बसू? ती म्हणाली, "बाबा, एका डोसानं शंभरातले सात लोक उघडे राहतात, दोन डोसांनी तीन. तुम्ही त्या सातात आहात की नाही ते कळणार आहे का?" ६ जुलैला आषाढी, हे नंदवाळला चालत जाऊन आले, ७ ला उपवास सोडून दवाखान्यात हजर. या वेळी बाकावरची एक आई ओळखीची निघाली. तिनं सरकून जागा दिली.

कार्डाचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी पहिली तारीख ९/६/२५ अशी लिहिली होती. लेकीनं फोटो बघून कपाळाला हात लावला. तिकडं कुणी महिना आधी वाचला तर ते ६ सप्टेंबर होतं, आणि आम्ही ५ सप्टेंबरला पोचणार! दुसऱ्या डोसाचं ७/७ कसंही वाचलं तरी सातच. परत जाऊन महिना अक्षरांत लिहून घेतला. नाव पासपोर्टवरच्यासारखं, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं तिथंच बसून तपासा. घरी आल्यावर पाऊस पडत असेल तर परत जायचा कंटाळा येतो. आणि तारखा विमानाच्या दिवसावरून उलट मोजा. दुसऱ्या डोसानंतर निदान दोन आठवडे, त्याच्या मागं २८ दिवस, त्याच्या मागं डॉक्टर शोधायचा आठवडा. आम्हाला पुरले, कारण लेकीनं मेमध्ये टोकलं.

२ सप्टेंबरला गौरी-गणपती गेले, ३ ला आम्ही मुंबईला निघालो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की काय होतं ते २०१९ आणि २०२१ ला बघितलेलं, म्हणून एक दिवस हाताशी ठेवला. विमानात मागच्या रांगेत एक मूल रात्रभर खोकत होतं. साधी सर्दी असणार. पण मास्क आम्ही शेवटपर्यंत काढला नाही. टोरांटोला उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस राहणार, कुणाकडं, बॅगेत खायचं काय आहे. डिंकाचा लाडू म्हणजे काय ते समजावताना माझी पाच मिनिटं गेली. लसीचं कुणी विचारलं नाही. तुमचंही विचारणार नाहीत. म्हणूनच हे राहून जातं.

२४ सप्टेंबरला, नवरात्रात, नात झाली. दवाखान्याच्या दारात पाटी होती. ताप आणि पुरळ असेल तर आत येऊ नका, आधी फोन करा. हे आपल्याकडंही पाळण्यासारखं आहे. आपण अंगावर काही उठलं की आधी उठून दवाखान्यात जातो आणि बाकावरच्या सगळ्या तान्ह्या बाळांत जाऊन बसतो. वरच्या मजल्यावर नर्सनं आम्हाला लसींबद्दल विचारलं. तेवढं एकदाच. ह्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं. तिनं हत्ती बघितला, ह्यांच्याकडं बघितलं, तारखा वाचल्या आणि काही न बोलता हात धुवायचं बेसिन दाखवलं.

ओंटारियोतली साथ ६ ऑक्टोबरला संपल्याचं जाहीर झालं. १० नोव्हेंबरला मात्र कॅनडाचा 'गोवरमुक्त' हा दर्जा गेल्याची बातमी आली. तो १९९८ पासून होता. मी तेव्हा नातीला तेल लावत होते. हे म्हणाले, "आपण आल्यावर गेला बघ." जावई हसले, लेक हसली नाही.

फेब्रुवारीत आम्ही परतलो. आता मेमध्ये ती तिघं कोल्हापूरला येतायत. अंबाबाईची ओटी भरायची आहे, जोतिबाला जायचंय, आत्याला बाळ दाखवायचंय. नातीला सहा महिने २४ मार्चला पूर्ण होतील. बाळ सहा महिन्यांचं झालं की परदेश प्रवासासाठी एक डोस लवकर देतात. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरत आलेलं असतं, आणि नेहमीचा डोस तिकडं वर्षाचं झाल्यावर. त्याची वेळ लेकीनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतलीय, म्हणजे निघायच्या आधी तीन आठवडे मिळतात. हा डोस हिशेबात धरणार नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतर पुन्हा दोन घ्यावे लागतील.

हे मी ह्यांना समजावून सांगितलं. त्यांनी कालनिर्णयवर तारखेभोवती गोल केला आणि म्हणाले, "म्हणजे तिला तीन? मला दोनच मिळाल्या."